भोंगेवाल्याची नोटीस

गोरेगावात आवाज म्हणावा तर अमृतराव भोंगेवाल्यांचा. लग्नात आहेर पुकारायचे, सर्कस आली की बाजारात सांगायचं, हरवलेली म्हैस गावाला कळवायची. कागद हातात पडायचा अवकाश, हे वाचून मोकळे. त्यात काय लिहिलंय याच्याशी त्यांना कर्तव्य नसे.

पण जोडीला कर्जावर काढलेला त्यांचा मंडपाचा धंदा बुडाला आणि त्यांना नादार, म्हणजे दिवाळखोर, ठरवा म्हणून घेणेकरी परभणीच्या कोर्टात गेले. बेलीफ धर्मसिंग नोटीस घेऊन आला की अमृतराव मागच्या दारानं ज्वारीत. "हातात घेतलीच न्हाई तर लागू कशी व्हईल?" हा त्यांचा कायदा. शेवटी धर्मसिंगानं पंचांसमोर नोटीस दारावर डकवली, ती बकरीनं खाल्ली. अमृतरावांनी खुशीनं बकरीला भाकरी चारली. असल्या अकलेपुढं हात टेकले बाबा!

बकरीनं कागद खाल्ला, तारीख थोडीच खाल्ली? अमृतराव गैरहजर, म्हणून कोर्टानं एकतर्फी निकाल देऊन त्यांना नादार ठरवलं. मग कोर्टानं नेमलेला रिसीव्हर येऊन अमृतरावांची सायकल घेऊन गेला. भोंगा, आवाजाचं मशीन आणि बॅटरी यांच्यासाठी दुसरी नोटीस निघाली. पोटापाण्याची हत्यारं म्हणून सोडवायची असतील तर तारखेला येऊन सांगा, नाहीतर तीही जप्त.

धर्मसिंगानं हे अमृतरावांच्या बायकोला, केशरबाईला समजावलं. भोंगा गेला तर चूल कशावर पेटायची?

"भाऊ, तुमी घरी येऊच नका," ती म्हणाली. "बाजारात या. कागद कोतवालाच्या हातून द्या, दवंडीचं काम हाय म्हणावं."

बाजारच्या दिवशी अमृतरावांनी कडुलिंबाला भोंगा बांधला, कोतवालाचा कागद घेतला आणि खणखणीत सुरू केलं, "तमाम लोकांस कळविण्यात येते की, मौजे गोरेगाव येथील नादार इसम अमृतराव..."

नाव आपलंच? त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"पुढं वाचा की! काहून थांबले?" भाजीवाली भिकाबाई ओरडली. बाजार खदखदून हसत होता. बिचाऱ्यांनी पडक्या आवाजात तारखेपर्यंत सगळं वाचलं.

कापडवाल्याच्या मागून धर्मसिंग पुढं आला. "अमृतराव, मिळाली न्हवं नोटीस?"

"मिळाली," ते म्हणाले. तेही भोंग्यातून गावभर गेलं.

तारखेला केशरबाईनं त्यांना दंडाला धरूनच कोर्टात उभं केलं. जज्जसाहेबांनी ऐकून घेतलं आणि भोंगा, मशीन, बॅटरी सोडली. अमृतरावांना हुरूप आला.

"साहेब, सायकलबी धंद्याचीच हाय. तिच्यावरच समदं सामान नेत व्हतो."

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "पहिल्या तारखेला येऊन सांगितलं असतंत, तर तीही राहिली असती. आता ती विकली गेली."

पुढच्याच आठवड्यात पुसेगावला लग्न होतं. दोघं पायीच निघाले. केशरबाईच्या खांद्यावर भोंगा, अमृतरावांच्या काखेत मशीन आणि डोक्यावर बॅटरी. अर्ध्या वाटेत ते कण्हले, "लई जड हाय गं."

"असू द्या जड," केशरबाई हसली. "आपली तर हाय."