बायडाबाईंचा खुबा आणि माझी वायर

मित्रांनो, शेवगावातल्या एका हाडांच्या दवाखान्यात मी अकरा वर्षे उभा आहे. माझा आकार इंग्रजी 'सी'सारखा, म्हणून मला सी-आर्म म्हणतात. ऑपरेशन चालू असतानाच मी क्ष-किरणांनी आतले हाड बघतो आणि पडद्यावर दाखवतो. पूर्वी खुबा मोडला की पायाला वजन लटकवून म्हाताऱ्या माणसाला तीन-तीन महिने निजवत. पुष्कळजण पुन्हा उठतच नसत. आता बोटभर छेद पुरतो.

नवा होतो तेव्हा मला रोज पुसून झाकून ठेवत. पुढे कौतुक सरले. माझ्यापासून पडद्याकडे जाणाऱ्या जाड वायरीवरून औषधांची ट्रॉली खडखडत जाऊ लागली. ती बहुधा आमोस नेई. आमोस म्हणजे मला चालवणारा तंत्रज्ञ.

गेल्या जानेवारीत बायडाबाई आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, हृदय कमजोर. गोठ्यात पाय घसरून खुबा मोडलेला. कंबरेखाली भूल दिली. डॉक्टर स्टेला भिंगारदिवे यांनी हाडात बारीक तार सरकवायला घेतली. तिच्यावरूनच मग स्क्रू जायचा होता. तार चुकली तर थेट सांध्यात घुसते.

आणि माझा पडदा काळा झाला.

"आमोस, चित्र?"

आमोसने बटणे दाबली. काही नाही.

"मॅडम, बीपी उतरतंय," भूलतज्ज्ञ म्हणाले. "चित्र नाही म्हणून मोठा छेद घेतलात तर एवढं रक्त जाणं त्यांना झेपणार नाही."

बायडाबाई जाग्याच होत्या. "काय झालं गं बाई? समदी गप का झाली?"

"काही नाही आजी, एक मिनिट." डॉक्टरांचा हात तारेवर होता तसाच थांबला.

मला हाड दिसत होते. दाखवता येत नव्हते.

आमोस गुडघ्यांवर बसला आणि वायर चाचपत गेला. जोडापाशी ती चेपून आतून तुटत आली होती. त्याने जोड दोन्ही हातांत धरून किंचित पिळला. चित्र आले, गेले, पुन्हा आले.

"मॅडम, मी असाच धरून ठेवतो. तुम्ही बघा."

तार सांध्याच्या अगदी काठाशी पोचली होती. डॉक्टरांनी ती मागे घेतली, दिशा बदलली, हळूच पुन्हा सरकवली. वीस मिनिटे आमोस हलला नाही. स्क्रू बसला तेव्हा त्याची बोटे उघडेनात.

दुसऱ्या दिवशी बायडाबाई वॉकर धरून चार पावले चालल्या. "ह्यो पाय माजाच हाय न्हवं?" असे त्यांनी दोनदा विचारले म्हणे.

त्याच दुपारी आमोस माझ्याशेजारी डॉक्टरांपुढे उभा राहिला. "मॅडम, वायर माझ्यामुळे तुटली. ट्रॉली मीच नेत होतो."

डॉक्टरांनी वाकून चेपलेला जोड बघितला. मग म्हणाल्या, "मीही बघत होते आमोस. रोज बघत होते."

नवी वायर आली. आता ती भिंतीकडेने जाते आणि ट्रॉली लांबून वळते.

मित्रांनो, माझ्यावर विसंबून कुणीतरी टेबलावर निजलेले असते. तेव्हा मला पुसा, माझी वायर उचलून ठेवा, माझा आवाज बदलला तर थांबून ऐका. माणसाला दुखले की तो कण्हतो. मला कण्हता येत नाही, म्हणून दुखण्याआधीच बघा.