ऑरविलच्या कबरीखालून जाताना

मी एक जुना ड्रिलबिट आहे. सुताराच्या गिरमिटाचा थोरला भाऊ म्हणा. खडक कुरतडायला मला हिऱ्याच्या चुऱ्याचे दात दिले होते आणि त्यांचा मला गर्वही फार होता. आता ते पार बोथट झाले आहेत.

मित्रांनो, माझी नेमणूक नॉर्थ डकोटातल्या एका तेलविहिरीवर झाली. दोन मैल सरळ खाली उतरायचे, मग हळूहळू वळायचे आणि तेलाच्या थरातून आडवे सरकत राहायचे, असे माझे काम. आमचे यंत्र उभे होते एकाच्या कुरणात, पण मी जाणार होतो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या शेतांखालून. त्या मुलखात वरच्या मातीचा मालक एक आणि पोटातल्या तेलाचा दुसराच असू शकतो. विचारतात ते तेलाच्या मालकाला. वर राहणाऱ्याची आठवण कुणाला होत नाही.

खाली उतरायच्या आधी मी कर्टिसच्या खोलीबाहेर पडून होतो. जमिनीखाली मला वळवत नेणारा तोच. लुईझियानाचा, बोलका माणूस. तिथे आर्डिस ट्वेट नावाची शेजारीण डबाभर खजुराच्या वड्या घेऊन आली. तिचा नवरा ऑरविल वारला होता. परवा सकाळी त्याला तिच्या शेताला लागून असलेल्या चर्चच्या आवारात पुरायचे होते, आणि नेमके तेव्हाच आमचे खोदकाम त्याखालून जाणार, असे तिच्या कानावर आले होते. तिने विचारले, हे खरे का?

कर्टिसने संगणकाच्या पडद्यावर पाहून मान डोलावली. मग हसून म्हणाला, "बाई, आम्ही दोन मैल खोल असू. तुमच्या बटाट्यालाही धक्का लागायचा नाही."

"बटाट्याचं कोण बोलतंय? त्याला खाली सोडताना खालून कुणी उकरत असलेलं मला नको. तेवढा वेळ थांबशील?"

कर्टिसचे हसू मावळले. फार थांबलो तर खडकाचा भुगा बसून बिट अडकतो, मग तो कायमचा तिथेच राहतो, असे त्याने समजावले. तिने ऐकून घेतले. "बघ बाबा," एवढेच म्हणाली आणि डबा ठेवून गेली.

त्या सकाळी मी दफनभूमीखाली पोचलो आणि कर्टिसने मला खडकापासून जरासे मागे ओढले. भुगा बसू नये म्हणून पातळ चिखल माझ्यातून वाहता ठेवला, पण दात शांत. खरे सांगतो, मी घाबरलो. इथेच गाडला गेलो तर? वर प्रार्थना चालली असेल. मला काही ऐकू येत नव्हते. कंपनीच्या साहेबाचे फोनवर फोन येत होते म्हणे, पण चर्चजवळच्या गाड्या हलेपर्यंत कर्टिस ढिम्म. मग पहिल्या हिसक्याला मी हललोच नाही. दुसऱ्याला सुटलो.

विहीर पुरी झाली. माझे कौतुक झाले आणि लगेच मी भंगारात पडलो. कर्टिसने मला तिथून उचलून आर्डिसच्या पायरीवर नेऊन ठेवले.

"हाच का तो?" तिने माझ्या दातांवरून बोट फिरवले.

"हाच. थांबला होता."

 तिने आतून कॉफी आणून त्याच्या हातात दिली. "पुढच्या विहिरीला आधी ये. कॉफी पी, मग खुशाल खालून जा."

मित्रांनो, तुम्हालाही कधी कुणाच्या पायाखालून जावे लागले, तर आधी त्याच्या दारात जा. मी दोन मैल खाली उतरलो, पण तिच्या पायरीवर पोचायला मला भंगारात पडावे लागले.