साडेसहा सांगणारा फोटो

मित्रांनो, मी वेळापत्रकाचा एक जुना फोटो आहे. किन्हीराजा गावच्या तुळसाबाईंच्या मोबाइलच्या पोटात मुक्कामाला असतो. वय आठ महिने. आमच्यात एवढं झालं की म्हातारपण.

मला दिनेशने बनवलं. भाजी पिकवणाऱ्या घरांच्या गटाची वेबसाइट तोच सांभाळतो. भाजीची गाडी फाट्यावर सकाळी साडेसहाला येईल, एवढंच माझ्या अंगावर लिहिलं होतं. गावात रेंज कधी असते, कधी नसते. म्हणून दिनेशने, वेबसाइट जिथं ठेवलेली असते त्या सर्व्हरमार्फत, सगळ्या मोबाइलांना निरोप दिला, की हा फोटो एकदा मिळाला की वर्षभर जपा, पुन्हा मागायला येऊ नका. तेव्हापासून बोट लागताच मी दिसू लागलो. गटाच्या बैठकीत दिनेशला सत्काराचा नारळ मिळाला. फोटोला नारळ देता येत नाही, हे मी समजून घेतलं.

मग गाडीची वेळ साडेपाच झाली. दिनेशने नवा फोटो केला, त्याला माझंच नाव दिलं आणि सर्व्हरवरून मला पुसलं. मी संपलो, असं त्याला वाटलं.

तुळसाबाईंनी वेबसाइट उघडली. पानाने माझं नाव घेतलं, मोबाइलने मला पुढं केलं, मी इमानदारीने साडेसहा सांगितले. त्या मेथी घेऊन पोचल्या तेव्हा गाडी जाऊन तास झाला होता. दुपारपर्यंत जुड्यांनी माना टाकल्या. निम्मी मेथी अजून वावरात होती. ती उद्या निघाली नाही तर फुलावर येणार होती.

तुळसाबाईंनी तक्रार केली, तर दिनेश म्हणाला, त्याच्याकडे तर बरोबर दिसते. त्याने नवा फोटो पुन्हा चढवला. सर्व्हर बंद करून चालू केला. तरी तुळसाबाईंपुढे मीच. मला मोठी गंमत वाटत होती. मी ज्या घरात राहतच नव्हतो, त्याचं दार तो ठोकत होता.

संध्याकाळी शेजारच्या नानीबाईंनी आपल्या नव्या मोबाइलवर पाहिलं, तर साडेपाच. तुळसाबाईंनी दोन्ही मोबाइल उचलले आणि दिनेशपुढे नेऊन ठेवले.

"नानीबाईनं आज पयल्यांदा उघडलं, तिले ताजं. मी आठ महिने रोज उघडून राह्यली, मले शिळं. हा कुठला न्याव रे, दिनेश?"

दिनेशने दोन्ही मोबाइल शेजारी धरून पाहिले. मग म्हणाला, "काकू, सर्व्हर चांगला हाय. तुमच्या मोबाइलले मीच सांगून ठेवलं होतं, वर्षभर इचारू नको म्हून."

त्याने नव्या फोटोच्या नावात तारीख घातली आणि पानाला तेच नाव मागायला लावलं. या नावाचं मोबाइलच्या पोटात काहीच नव्हतं. त्याला सर्व्हरकडे जावंच लागलं. साडेपाच दिसले.

सकाळी गाडीत मेथी चढली. मला कोणी विचारलं नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना कामावर ठेवताना निवृत्तीची तारीखही ठरवत चला. आम्ही खोटं बोलत नाही. जे एकेकाळी खरं होतं, तेच ठामपणे सांगत बसतो.