परकी किल्ली

मी एक जुनं कुलूप आहे, आणि मी कायमचा उघडा आहे. हसू नका, मित्रांनो! उघड्या कुलपाला कोण विचारतं, असं तुम्हाला वाटेल. पण मी उघडलो त्या दिवशी एका बाईचं उरलेलं आयुष्य माझ्या पोटात अडकलं होतं. ती भीती अजून माझ्या कडीत थरथरते.

माझा जन्म एका कळकट कारखान्यात झाला. सगळीकडे धूर आणि ठोकाठोक. आम्हा भावंडांना रांगेत मांडून एक कारागीर किल्ल्या लावून पाहत होता. त्याचा जोडीदार म्हणाला, "अरे, ह्याची किल्ली त्यालाही लागतेय की!"

"लागू दे. प्रत्येकाला वेगळी किल्ली द्यायला मी काय ब्रह्मदेव आहे? एवढा मोठा बाजार, भावंडं कशाला भेटतायत एकमेकांना!"

दोघं खो खो हसले. मीही हसलो. तेव्हा मला भीती ठाऊक नव्हती.

पण आम्ही भेटलो. फळांच्या एका शीतगृहाच्या मालकाने स्वस्तात पडतं म्हणून आमचं अख्खं खोकंच उचललं. कुणी कामगारांच्या कपाटांना लागलं, कुणी यंत्रांच्या खोलीला, एक तर चक्क न्हाणीघराला! माझ्या वाट्याला थंड खोलीचं ते जाडजूड दार आलं. काय माझा रुबाब!

तिथला कारभार मावशी पाहायच्या. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी लोकांना आठवायचं. माझ्या दोन किल्ल्यांपैकी एक सगळ्यांसमोर मोडली होती. दुसरी मावशींच्या गळ्यातल्या दोरीला असायची. त्या मला फडक्याने पुसायच्या, तेलाचा थेंब सोडायच्या आणि बंद केल्यावर तीनदा ओढून बघायच्या. "नीट बस हं राजा. परक्याला दाद द्यायची नाही," असं बजावायच्या. मी असा काही फुगायचो! परक्या हाताला न उघडणं, हीच तर कुलपाची अब्रू.

एका सकाळी मुकादम त्यांच्यावर खेकसला, "पेट्या सडल्या त्या तुमच्या हयगयीमुळे!"

"ह्या खोलीत तासभर कोंडून घ्या स्वतःला, म्हणजे कळेल काम काय असतं ते!" मावशी फणकारल्या. सगळे फिदीफिदी हसले. पुढे त्याच वाक्याने मावशींचा गळा धरला.

त्या संध्याकाळी मावशींनी आत डोकावून हाक मारली, "कुणी आहे का रे आत?" कुणी नव्हतं. त्यांनी मला लावलं, तीनदा ओढलं आणि त्या घरी गेल्या.

थोड्या वेळाने दोन माणसांची पावलं आली. माझ्या पोटात किल्ली शिरली, आणि मित्रांनो, मी गारठलो. आकार तोच, दाते तेच, पण ती माझी किल्ली नव्हती! माझ्या किल्लीचे दाते मावशींच्या हातात झिजून गुळगुळीत झाले होते. ही कोरी होती, खरखरीत. झोपेत कुणाचा तरी अनोळखी हात अंगावर पडावा तसं झालं. मी घट्ट राहायला धडपडलो. तरी उघडलो.

दोघं आत गेले. आवाज चढले. काहीतरी आपटलं. मग पावलं बाहेर आली, एकाच माणसाची. दार लागलं, आणि ती परकी किल्ली माझ्या पोटात पुन्हा फिरली.

मग आतून थापा सुरू झाल्या. आधी जोरात, मग सावकाश, मग नखांनी खरवडल्यासारखं काहीतरी. मी त्या दारावर लटकलेला होतो. प्रत्येक थाप माझ्या अंगातून जात होती आणि मला हलताही येत नव्हतं. शेवटी थापा थांबल्या. ते थांबणं सगळ्यांत भयंकर होतं.

सकाळी मावशींनी मला उघडलं. त्यांची किंकाळी मी कधीच विसरणार नाही. आत मुकादम मरून पडला होता.

मला पुन्हा बंद केलं, कापडात शिवलं आणि वर लाखेचं सील ठोकलं. न्यायालयात सरकारी वकिलांनी मला कडीला धरून उंच केलं. "कुलूप शाबूत आहे. किल्ली एकच, आणि ती ह्या बाईंकडे. कोंडण्याची धमकी तर सगळ्यांनी ऐकली."

"मी रिकामी खोली बंद केली होती हो, साहेब," मावशी म्हणाल्या. त्यांची लेक मागच्या बाकावर शाळेचं दप्तर घट्ट धरून बसली होती. मला दुसरी एखादी किल्ली लावून बघावी, असं त्या भरगच्च दालनात एकालाही सुचलं नाही. मावशींना जन्मठेप झाली.

आणि मला मिळाली मुद्देमालाची खोली. खटल्यात जप्त केलेल्या वस्तू तिथे पडून असतात. उंदीर, ओल आणि काळोख. माझ्या शेजारी एक काळी छत्री होती; तिच्यावरूनच एका माणसाला शिक्षा झाली होती. ती एकसारखी पुटपुटायची, "मी त्या माणसाची नव्हतेच. मी त्या माणसाची नव्हतेच." अधूनमधून ट्रक यायचा आणि निकाल लागून गेलेल्या वस्तू जाळायला नाहीतर वितळवायला न्यायचा. एकदा छत्रीला नेलं. तिचं पुटपुटणं पायऱ्यांवरून खाली गेलं आणि बंद झालं.

मावशींचं अपील फेटाळलं गेलं. तिथल्या कारकून काकांनी मला उचलून दाराजवळच्या ढिगात टाकलं. आता पुढचा ट्रक माझा! गंज माझ्या पोटात बोट बोट चढत होता. मी वितळलो तर त्या परक्या किल्लीची खूणही माझ्याबरोबर वितळणार होती.

आणि तेव्हा ती आली. नवीकोरी वकीलताई! तिला एका संस्थेची फेलोशिप मिळाली होती. म्हणजे ठरावीक मुदतीपर्यंत संस्था तिचा खर्च चालवणार आणि तिने एकच काम करायचं: गुन्हा न करता शिक्षा भोगणाऱ्यांचे खटले पुन्हा उघडायचे. तिची आई म्हणे रोज विचारायची, "अगं, पण ही नोकरी आहे की शिक्षण?" ताई म्हणायची, "दोन्ही नाही आई, घाई आहे!" खरंच होतं ते. तिची मुदत संपत आली होती.

ती मावशींच्या लेकीला भेटायला घरी गेली, तेव्हा तिथल्या पेटीला तिने हुबेहूब माझ्यासारखं कुलूप पाहिलं.

"हे कुठलं गं?"

"आईच्या कपाटाचं. शीतगृहातलंच. मालकांनी सगळी एकदमच आणली होती."

ताई म्हणे तशीच उठली, चहा अर्धा टाकून!

न्यायालयाने तपासणीची परवानगी दिली, पण अट घालून. एकदाच, सगळ्यांसमोर. तेल नाही, जोर नाही.

माझं सील फोडलं. किती वर्षांनी उजेड! समोर ताई, सरकारी वकील, कारकून काका आणि मावशींची लेक. दप्तरवाली पोर आता मोठी झाली होती. ताईने माझ्या भावाची किल्ली माझ्यात घातली. किल्ली अर्ध्यावर अडली.

"झालं?" सरकारी वकील घड्याळ बघत म्हणाले. "नाही उघडत. लिहा काका."

मित्रांनो, थंड खोलीतल्या त्या थापा मला पुन्हा ऐकू येऊ लागल्या. ह्या वेळी आत मावशी होत्या. आयुष्यभर मी परक्याला दाद न देणं शिकलो होतो, आणि आता मला परक्या किल्लीलाच शरण जायचं होतं. पण गंज ऐकेना!

"थांबा, किल्ली अजून आत आहे," ताई म्हणाली. ती लेकीकडे वळली. "तू फिरव. रोजची सवय तुझ्या हाताला आहे."

लेकीने मला हातात घेतलं. आणि किल्लीला हात लावण्याआधी, घरी रोज करायची तसं, तिने मला तीनदा ओढलं. अगदी मावशींसारखं! पोटातली गंजाची खपली निखळली. किल्ली पुढे सरकली. खट्.

कारकून काका हळूच म्हणाले, "अगंबाई."

खटला पुन्हा उभा राहिला. त्या खोक्यातली किल्ली शीतगृहात कुणाकडेही असू शकत होती, हे न्यायालयाने मान्य केलं आणि मावशी सुटल्या. तो हात कुणाचा होता, ते मला आजही ठाऊक नाही. तो कुठेतरी मोकळा फिरतोय, आणि त्याची मला भीती वाटते.

निकालानंतर मला ताईच्या ताब्यात दिलं. मावशी तिच्या कचेरीत आल्या तेव्हा त्यांचे केस पांढरे झाले होते. "दार लावू नका गं," त्या बसता बसता म्हणाल्या. त्यांनी मला तळव्याने पुसलं, तेल सोडलं, पण बंद केलं नाही. "आता असाच राहा, राजा."

तेव्हापासून मी इथे खिळ्याला उघडाच टांगलेला आहे. ताईची मुदत संपली, तिच्या खुर्चीत नवा फेलो बसला आहे. टेबलावर कागदांचा डोंगर आहे, आणि त्याचीही मुदत संपणारच आहे.

मित्रांनो, कुणी तुमच्यासमोर बंद कुलूप नाचवून "किल्ली हिच्याचकडे होती" असं म्हणालं, तर लगेच मान डोलावू नका. आधी दुसरी किल्ली लावून बघा. माझ्यासाठी ती कुणीतरी लावली.

छत्रीला कुणी उघडूनसुद्धा पाहिलं नाही.