खालून येणारे उत्तर

पणजा विहिरी खणणारा, आजा विहिरी बांधणारा, बाप विहिरींचा गाळ काढणारा. आणि त्या तिघांच्या मागून ही थोरली लेक. हे बाईमाणसाचे काम नव्हे म्हणणाऱ्यांची तोंडे तिने कामानेच बंद केली होती.

घराण्याची एक रीत होती. कोणी तळाशी उतरला की वरच्याने बायबलातले एकशे तिसावे स्तोत्र सुरू करायचे. खोल गर्तेतून देवाला घातलेली ती हाक. एक ओळ वरून, पुढची खालून. उत्तर थांबले की समजायचे, खालची हवा विषारी झाली.

वीस वर्षांपूर्वी बाबांचे उत्तर थांबले, तेव्हा वर दोर धरणारा त्यांचा दोरवाला खाली उतरला. बाबा जिवंत वर आले. दोरवाल्याचे प्रेत आले. त्याची बायको, काकू, त्या दिवसापासून थोरलीच्या घरचे पाणीही प्यायल्या नव्हत्या. मुलगा लंब्या मात्र थोरलीच्याच हाताखाली राबे, आणि काकू रोज विहिरीच्या काठावर पहाऱ्याला बसत.

त्या दुपारी गिरणीची विहीर होती. लंब्या कमरेचा दोर सोडून तळाच्या कपारीत शिरला.

"दोर बांध रे!" थोरली ओरडली.

"ताई, कपारीत मी तरी मावेन, नाहीतर दोर तरी!"

"दात काढतोय मेला," काकू पुटपुटल्या. "अगदी बापावर गेलाय."

स्तोत्र सुरू झाले. उत्तरे वेळेवर येत होती. जरा जास्तच वेळेवर. थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. बाबांनी शिकवल्याप्रमाणे तिने मुद्दाम दोन ओळी गाळून पुढची म्हटली. शुद्धीतल्या माणसाने तिच्या पुढची ओळ दिली असती. खालून मात्र जुन्याच क्रमातली आली. जीभ चालत होती. माणूस विझत चालला होता.

तिने ओला फडका तोंडाला बांधला.

"तू नको जाऊस," काकूंनी तिचा हात धरला. "तुझ्या बापापायी माझा माणूस गेला..."

"म्हणूनच, काकू."

भिंतीतल्या खोबण्या धरत ती उतरली. लंब्याला ओढून त्याच्या कमरेला दोर बांधला, हिसका दिला. वर गिरणीच्या हमालांनी रहाट फिरवला. तो वर गेला, आणि ती भिंतीला टेकली. इतकी वर्षे तिला वाटे, हे स्तोत्र खालच्याचे आहे. पण त्यात पहाटेची वाट पाहणारा पहारेकरीही आहे. तो काठावरचा. काकूंसारखा वीस वर्षे बसलेला.

"श्वास घेतोय गं!" वरून काकूंचा चिरका आवाज आला. "दोर सोडलाय. तू म्हणत राहा!"

काकूंनी पहिली ओळ म्हटली. थोरलीने दुसरी. मग काकूंनीही मध्येच दोन ओळी गाळल्या; शेवटी दोरवाल्याचीच बायको. थोरलीने उत्तर दिले, आपल्या मते अगदी अचूक. वर हुंदका का फुटला, हे तिला उमजले नाही.

दोराचे टोक खांद्याला लागले. हात उठला नाही. वरून आता काकूच दोघींच्याही ओळी म्हणत होत्या, आणि त्या आवाजाखाली वीस वर्षांचे देणे पुरते फिटले.