मिठाच्या वाळवंटाकडे निघालेली खुर्ची

मित्रांनो, खुर्चीसाठी माणसं भांडतात असं मी ऐकून आहे. माझ्यासाठी मात्र आजवर कुणी भांडलं नाही. उलट मला पाहिलं की लोक नजर चुकवतात. मी एक जुनी व्हीलचेअर आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पोलादी नळ्या वाकवून माझा सांगाडा केला, मागे दोन मोठी चाकं लावली आणि पुढे दोन पिटुकली. ही पुढची दोन म्हणजे नुसती आगाऊ कार्टी. जरा खड्डा आला की पहिली तीच रुसून बसतात. पुढे मी एका इस्पितळात अकरा वर्षं काढली. पाय मोडलेले, टाके घातलेले, तान्ही बाळं घेऊन घरी निघालेल्या बाया, साऱ्यांना मी दारापर्यंत पोचवलं. जाताना माणसं डॉक्टरांचे आभार मानत, नर्सबाईंचे मानत. एक म्हातारे गृहस्थ तेवढे माझ्या हातावर थोपटून म्हणाले, "बरं नेलंस हो." ते शब्द मी अजून जपून ठेवले आहेत. मग नव्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! दोन वर्षं मी तिथं फाटक्या गाद्यांखाली धूळ खात पडले होते.

तिथून मला आत्यानं घरी आणलं. आत्या म्हणजे भिंगरीची आत्या. भिंगरी दहा वर्षांची, एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव. घरात ती, तिचे आईबाबा आणि आत्या. आत्यानं बावीस वर्षं मीठ भरायच्या कारखान्यात काम केलं. पुढे कंबरेचं दुखणं लागलं, पायांतलं बळ गेलं, नोकरी सुटली. मीठ काही डोक्यातून गेलं नाही. "बावीस वर्षं पिशव्या भरल्या," ती म्हणायची, "पण नजर पोचेल तिथवर मीठ, असं कधी पाहिलं नाही. मरायच्या आधी एकदा त्याच्यावरून फिरायचंय."

म्हणून यंदा मिठाच्या वाळवंटाची सहल ठरली. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. बाबा यादी करू लागले: टोप्या, काळे चष्मे, माणशी रोजचं पाच लिटर पाणी. आत्या मध्येच म्हणाली, "उन्हाचं मलम हनुवटीखालीही लावायचं बरं का. पांढऱ्यावरून ऊन खालून वर येतं." आठवडाभर तिचं दुसरं बोलणं नव्हतं. मीही मनातल्या मनात मांडे खात होते.

आणि एका संध्याकाळी तिकडच्या गाडीवाल्याचा फोन आला. त्यानं सांगितलं, वर मिठाचा पापुद्रा असतो, खाली चिखल. खुर्ची रुतणारच. बाईंना गाडीत बसवून ठेवा, खिडकीतून दिसतं सगळं. किती माणसं खाली उतरणार ते रविवारी संध्याकाळपर्यंत कळवा.

बाबांनी फोन ठेवला आणि चाचरत म्हणाले, "ताई, तू गाडीतच बस. आम्ही पटकन चालून येतो."

"खिडकीतूनच बघायचं तर कॅलेंडर काय वाईट आहे?" आत्या म्हणाली. "तुम्ही जाऊन या. मी घर सांभाळते."

बाबांनी टेबलावरचा नकाशा गुंडाळला. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिला हिंडवायचं, तिचीच वाट मी अडवून बसले होते.

भिंगरी मात्र गप्प बसणारी नव्हे. तिनं आईला हाताशी धरलं. दोघींनी परसातल्या मातीत बादल्या ओतून चिखल केला, त्यावर तीन पोती जाडं मीठ पसरलं आणि चार दिवस उन्हात राहू दिलं. वर चांगला कडक पापुद्रा धरला. रविवारी सकाळी ती आत्यापुढे येऊन उभी राहिली. "चल, इथंच बघू रुततेस का."

बाबांनी मला ढकललं. दोन हातही गेलो नसू, तोच पुढची चाकं पापुद्रा फोडून चिखलात घुसली आणि आत्या तोंडावर पडता पडता वाचली. "हेच मी म्हणत होतो," बाबा म्हणाले. भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

आत्यानं त्या रुतलेल्या चाकांकडे निरखून पाहिलं. मग म्हणाली, "अरे, ढकलतोस काय? ओढ की. आमच्या गोदामात सांडलेल्या मिठातून हातगाडी कुणी ढकलत नसे. ढकललं की ती नाक खुपसते. उलटी फिरव, जराशी मागं कलती कर आणि ओढ."

बाबांनी तसं केलं. आता माझी मोठी चाकं पुढे आली. पापुद्रा करकरला, थोडा दबला, पण मी चालत राहिले. आगाऊ कार्टी हवेत लटकून मुकाट्यानं मागून आली. आम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. मग परत. बाबा दमले तेव्हा आईनं ओढलं. अशा वीस फेऱ्या झाल्या आणि आम्ही एकदाही रुतलो नाही.

"पण आत्या," भिंगरी म्हणाली, "उलटी गेलीस तर तुला पुढचं दिसणार कसं?"

"मीठ काय एकाच बाजूला आहे का गं? जिकडं तोंड करीन तिकडं तेच. वर तुझ्या बापाचं घामेजलेलं तोंड बघावं लागणार नाही." यावर बाबाही हसले.

संध्याकाळी गाडीवाल्याचा फोन आला. बाबांनी त्याला वीस फेऱ्यांची हकिकत सांगितली. "पण त्यांना झेपेल का?" त्यानं विचारलं. बाबा सवयीनं उत्तर द्यायला लागले, आणि मध्येच थांबले. "तिलाच विचारा," म्हणत त्यांनी फोन आत्याच्या हातात दिला.

आत्यानं फोन कानाला लावला. "आम्ही चौघं आहोत," ती म्हणाली. "चौघंही खाली उतरणार आहोत."

मित्रांनो, मीठ लोखंड खातं, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी मी आनंदानं निघाले आहे. परतल्यावर मला गोड्या पाण्यानं धुवा, सांध्यांत चार थेंब तेल सोडा, एवढंच मागणं. आणि तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर सहलीचा नकाशा पसराल तेव्हा तिला टेबलाशी ओढून घ्या. जमेल का, असं तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला विचारू नका. तिच्यात जे बसलंय ना, त्याला विचारा. त्याला बहुतेक वाट माहीत असते.