वळणावरचा खांब

रेल्वेच्या गँगमध्ये त्याला सगळे खांब म्हणत. म्हणणारच ना! बाकीचे रुळावर घाम गाळत, एकमेकांच्या खोड्या काढत, आणि हा लांब वळणाजवळ गळ्यात शिट्टी, हातात लाल झेंडी घेऊन दिवसभर नुसता उभा. गाडी दिसली की शिट्टी फुंकायची आणि माणसं बाजूला झाली का ते बघायचं. गप्पा नाहीत, बसणं नाही, फोनसुद्धा मुकादमाच्या पेटीत. एकटेपणा अंगवळणी पडतो म्हणतात. डोंबलाचा पडतो! माणूस तक्रार करणं सोडतो, एवढंच.

त्यात महिनाभर घरातही तीच गत होती. बायको गेल्यावर बापलेक दोघंच उरलेले, आणि लेकीने त्याला न विचारता दूरदेशी नोकरी धरली. हा रुसला. इतका, की जेवताना मीठ हवं असलं तरी मागायचा नाही. तिला निरोप द्यायला रजा काढायची, तर तीही हट्टापायी मागितली नाही. शेवटी मन विरघळलं, तोवर त्याच्या जागी उभं राहायला दुसरा कुणी मिळेना.

जायच्या दिवशी सकाळी तो बूट चढवत होता, तेव्हा ती जवळ आली.

"बाबा, माझी गाडी दुपारी तुमच्या वळणावरूनच जाते. मी तुमच्या बाजूच्या दारात उभी राहीन. राग गेला असेल तर हात करा. नसेल गेला, तर मी समजून घेईन."

"बघू," तो म्हणाला. राग केव्हाच गेला होता. पण ते तोंडावाटे निघेल तर शपथ!

दुपारी वळणावर इंजिन दिसलं. त्याने शिट्टी फुंकली, गँग पलीकडच्या रुळावरून खाली उतरली. आता डबे त्याच्या समोरून जाणार होते. पण या कामाचा एक नियम आहे. एका रुळावरून गाडी जात असताना राखण करणाऱ्याने तिच्याकडे बघायचं नाही. तिच्या खडखडाटात दुसऱ्या रुळावरची गाडी ऐकू येत नाही, आणि माणसं मरतात ती त्या दुसऱ्या गाडीखाली. म्हणून त्याने डब्यांकडे पाठ केली आणि अलीकडच्या रुळावर लांबवर नजर लावली.

एकदाच वळून बघावं, असं त्याला फार वाटलं. मान वळवायला असा कितीसा वेळ लागतो? त्याने हात खिशातून काढलाही. तेवढ्यात समोरून मालगाडीचा दिवा दिसला, आणि गँगमधला पैलवान, आपला जॅक सांभाळत, नेमका तिच्याच रुळावर उभा. त्याला वाटलं होतं, गाडी काय ती एकच आहे.

खांबाने झेंडी उंच धरली आणि छाती फुटेस्तोवर शिट्टी वाजवत राहिला. नजर पैलवानावरून हलवली नाही. पाठीमागून डबे येत होते, शेजारून पुढे जात होते. अखेर पैलवानाने वर पाहिलं, जॅक टाकला आणि उडी मारली. मालगाडी धडधडत मधे आली. ती गेली तेव्हा पलीकडचा रूळ रिकामा होता.

"तुझ्या शिट्टीने कान किटले राव," पैलवान नंतर म्हणाला. पण आपली पाण्याची बाटली आधी त्याच्यापुढे धरली.

काम सुटल्यावर मुकादमाने फोन दिला. खांबाने तिथेच उभ्याउभ्या लेकीला लावला.

"दुसऱ्या रुळावर गाडी होती गं."

"माहितेय बाबा. तुमची दुसरी गाडी नेहमीच असायची. माझ्या निकालाच्या दिवशी होती. आई गेली तेव्हाही होती."

आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. सांगायचं तर पुष्कळ होतं, पण त्याने विचारलं भलतंच.

"आज काय घातलं होतंस गं?"

"म्हणजे तुम्ही मला पाहिलंच नाहीत?"

"नाही. हात करणार होतो. महिनाभर उगाच वाया घालवला बघ मी."

"निळा ड्रेस," ती म्हणाली आणि रडायला लागली.

"निळा छान दिसतो तुला," तो म्हणाला.